ओल्या जंगलात वणवा कसा?

प्रश्न : ॲमेझॉनचं जंगल बारमाही ओलं, मग तिथे आग पसरते कशी?

उत्तर : अखंड जंगलात ती सहसा पसरत नाही. दाट सावलीत पाचोळा दमट राहतो. कुरणांसाठी तोड होऊन तुकडे पडले की कडेने ऊन-वारा आत शिरतो. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ १९७९पासून १, १० आणि १०० हेक्टरच्या तुकड्यांचा अभ्यास चालू आहे. कडेलगतच्या सुमारे १०० मीटरांत झाडं जास्त मरतात. वरचं पानांचं छत विरळ होतं, पाचोळा वाळतो, कुरणात लावलेली आग आत सरकते. ज्वाळा जेमतेम गुडघ्याएवढ्या, पण साल पातळ असल्याने आतला जिवंत थर भाजतो. खरा घात दुसऱ्या वणव्यात, कारण मेलेली झाडंच सरपण होतात. कुरण जाळायचंच तर पहिल्या पावसानंतर, वारा पडल्यावर, जंगलालगत मातीपर्यंत खरवडलेली जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढूनच.