काहीही लावलं की चेहरा चुरचुरतो! (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, गेले काही महिने चेहऱ्याला काहीही लावलं की चुरचुरतं आणि गाल लाल होतात, अगदी सेन्सिटिव्ह स्किनसाठी असं लिहिलेल्या क्रीमनेसुद्धा. दिवसातून तीन-चार वेळा फेसवॉश करते, अधूनमधून स्क्रब, एक क्रीम सूट नाही झालं की लगेच दुसरं आणते. आता नक्की काय लावू?

उत्तर : आत्ता नवीन काहीच लावू नका. तुमच्या पत्रात मला क्रीमपेक्षा ते तीन-चार वेळा धुणं आणि स्क्रबच जास्त खटकलं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा, पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अॅसिड या स्निग्ध पदार्थांचं सिमेंट. दर फेसवॉशला त्यातलं थोडं थोडं निघून जातं, ते परत भरून यायला वेळ लागतो आणि तुम्ही तो वेळच देत नाही आहात, मग आतला ओलावा बाहेर उडून जातो, बाहेरचं सगळं आत शिरतं आणि एरवी निरुपद्रवी असलेलं क्रीमसुद्धा झोंबायला लागतं. म्हणजे दोष प्रत्येक वेळी क्रीमचाच असेल असं नाही.

चारेक आठवडे एवढंच करून बघा. सकाळी नुसत्या कोमट पाण्याने चेहरा धुवायचा, रात्री एकदाच सौम्य, बिनवासाचा क्लिन्झर. साबणाची वडी चेहऱ्याला अजिबात नको, त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण 5 च्या आसपास असतो आणि वडीचा 9-10. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि चेहरा जरा ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सिरॅमाइडवालं साधं मॉइश्चरायझर लावायचं, चेहरा वाळल्यावर अर्ध्या तासाने लावून तेवढा फायदा होत नाही. उन्हात जायचं असेल तर झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन, ते सहसा कमी झोंबतं. स्क्रब, टोनर, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, ग्लायकोलिक सगळं कपाटात. जीवावर येईल माहितीये, पण खरा फरक या बंद करण्यानेच पडतो.

नंतर एकेक वस्तू परत आणा, दोन एकदम कधीच नाही, नाहीतर कोणामुळे झालं हे कळणारच नाही. आणि नवीन काही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. बरेच जण एकदा लावून तासाभराने बघतात आणि काही झालं नाही म्हणून खूश होतात, पण अॅलर्जीची रिअॅक्शन बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी उठते. बाटलीवर ‘अनसेंटेड’ (म्हणजे वास न येणारं) दिसलं तरी मागची यादी वाचा, मूळचा वास झाकायला त्यातसुद्धा सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. ‘फ्रेग्रन्स फ्री’ हे शब्द शोधा. ‘हायपोअॅलर्जेनिक’ म्हणजे अॅलर्जी कमी करणारं, या शब्दावर तर मी अजिबात विसंबत नाही.

प्रश्न : केमिकल नकोच म्हणून मी लिंबू, बेकिंग सोडा आणि टी ट्री ऑइल वापरते. नॅचरल आहे तर चालेल ना?

उत्तर : नाही, प्लीज थांबवा. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास, सोड्याचा 8 च्या वर, म्हणजे त्वचेला एकदा इकडे आणि एकदा तिकडे ओढायचं. त्यात लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. टी ट्री ऑइल उघडं राहिलं, जुनं झालं की हवेने त्यातले घटक बदलतात आणि जास्त अॅलर्जी करायला लागतात, म्हणून पूर्वी चालायचं तेच आता का नाही चालत असं होतं. झाडापानातून आलं म्हणून त्वचा त्याला वेगळी वागणूक देत नाही.

प्रश्न : मिस्टरांना बेंबीच्या खाली एकाच जागी खाजरा, खरखरीत चट्टा आलाय. साबण बदलला, डिटर्जंट बदललं, काही उपयोग नाही. मैत्रिणीने तिची ट्यूब दिलीये, ती लावली की दोन दिवस बरं वाटतं.

उत्तर : तो चट्टा बरोबर जीन्सच्या बटणाच्या किंवा बेल्टच्या बकलच्या जागी आहे का ते बघा. तसं असेल तर मला पहिला संशय निकेलचा येतो, ही खूप कॉमन अॅलर्जी आहे, आणि घामाने धातूतलं निकेल सुटून त्वचेला लागतं. साबण बदलून ते जाणार नाही. शर्ट आत खोचून बटण त्वचेला लागणार नाही असं करा, बटणाच्या आतून जाड कापडाचा तुकडा शिवून टाका, बकल प्लास्टिकचं घ्या. पक्कं कळायला स्किनच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट होते, पाठीवर पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात.

ती ट्यूब मात्र आजच बंद. दोन दिवसांत बरं वाटतं म्हणजे बहुतेक त्यात स्टेरॉइड असणार. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसांपुरतं ते उत्तम औषध आहे, पण मनाने महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, आणि फंगल इन्फेक्शन असेल तर ते वरून शांत दिसतं आणि पसरत राहतं. डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब बरोबर न्या.