दोघं, एक व्हॅन आणि न्यूझीलंडचं दक्षिण बेट

आधी बेत आखडता घ्या. दहा दिवसांत अख्खं बेट उरकायच्या नादात आम्ही निम्मी सहल सीटवरच काढली. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, तो प्रश्न नाही. पण पश्चिम किनाऱ्यावर एकेरी पूल बरेच. पाटीवर तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल दिसला, की थांबायचं. समोरच्याला आधी जाऊ द्यायचं.

व्हॅन संडासाची सोय असलेली, सेल्फ-कंटेन्ड (म्हणजे संडास-सांडपाणी गाडीतच साठवणारी) अशा प्रमाणपत्राचीच घ्या, नाहीतर फुकट मुक्कामाच्या बहुतेक जागा बंद. संडासाची कॅसेट, म्हणजे मैला साठणारी काढती टाकी, डंप स्टेशनवर (मैला ओतायच्या ठरलेल्या जागी) कोण रिकामी करणार, हे घरूनच ठरवून निघा. आमचं एकमेव भांडण त्यावरूनच झालं, तेही भर पावसात, हातात रबरी मोजे घालून!

‘ते आनाऊ’ या गावाहून मिलफर्ड साउंड ही खाडी सुमारे १२० किलोमीटर. इंधनाची टाकी ‘ते आनाऊ’तच भरा. मिलफर्डच्या सँडफ्लाय, म्हणजे चावऱ्या बारीक माश्या, घोट्यांना फोडून काढतात, संध्याकाळी मोजे घालाच.

आणि हो, मध नेऊ नका. लोणचं-मसाले नेलेत तर देशात शिरतानाच्या घोषणापत्रात लिहा, लपवलंत तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.