३०० लिटरचा रीफ टँक (समुद्री पाण्यातला मासे आणि कोरलचा), त्यात लेदर, मश्रूम आणि झोआ कोरल, नायट्रेट ४० पीपीएम, फॉस्फेट शून्य. डोसिंग पंप (ठरलेला डोस आपोआप सोडणारा) इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे लाईट गेली तरी डोस चुकत नाही. नायट्रेट उतरवायला रोज किती मिली व्हिनेगर घालू?

आज एक मिलीसुद्धा घालू नका. तुमचं घोडं फॉस्फेटपाशी अडलंय. जिवाणू व्हिनेगरमधला कार्बन खाऊन वाढतात, वाढताना पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस अंगात घेतात, आणि मग स्किमर (हवेच्या फेसानं घाण वर काढणारं यंत्र) त्या जिवाणूंना कपात काढतो. रेडफिल्डचं प्रमाण धरा, १०६ कार्बन, १६ नायट्रोजन, १ फॉस्फरस. वजनात मांडलं तर साधारण १० भाग नायट्रेटमागे १ भाग फॉस्फेट लागतं. हे प्रमाण समुद्रातल्या प्लवकांचं आहे, जिवाणूंना फॉस्फरस त्याहून जास्तच लागतो. तुमच्याकडे तो मुळात नाहीच, म्हणजे नायट्रेट जागचं हलणार नाही आणि झोआ मात्र मिटायला लागतील. सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) जीएफओची, म्हणजे फॉस्फेट शोषणाऱ्या दाण्यांची, पिशवी असेल तर ती आधी बाहेर काढा. रंग जुळवायच्या किटवरचं शून्य असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. हॅना कंपनीचा फॉस्फरस चेकर (छोटं डिजिटल मीटर) घ्या, फॉस्फरसचा आकडा पीपीबीत येतो, त्याला ३.०६६ नं गुणून हजारानं भागलं की पीपीएममध्ये फॉस्फेट मिळतं. ते ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान आलं की डोसचा विचार करा.

खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण "पंप इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे लाईट गेली तरी डोस चुकत नाही" हे तुम्ही मोठ्या समाधानानं लिहिलंय, आणि माझं डोकं तिथे सणकलं.

ठाण्याला माझ्या आतेभावाकडे असाच ३०० लिटरचा टँक होता. दादाचा हात सढळ, रोज फ्रोझन मायसिसचे (कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या खाद्याचे) क्यूब, त्यामुळे नायट्रेट कायम चढलेलं. त्यानं विचारलं म्हणून मी कागदावर लिहून दिलं आणि तो कागद सम्पच्या दाराला आतून चिकटवला: अडीच मिलीपासून सुरुवात, दर आठवड्याला तेवढीच वाढ, नायट्रेट उतरायला लागलं की वाढवणं बंद. डोसिंगच्या बाटलीवर मार्करनं रेघा मारल्या, एक रेघ म्हणजे आठवड्याचं व्हिनेगर. रोज ५ मिलीवर आल्यावर फरक दिसला. स्किमरच्या कपात आधी कोऱ्या चहासारखं पाणी यायचं, ते दाट, चॉकलेटी आणि उग्र वासाचं यायला लागलं. नायट्रेट उतरत होतं.

पण दुकानाचा मेंटेनन्सवाला महिन्याच्या फेरीला आला आणि म्हणाला, "साहेब, पाच मिलीनं काय होतंय?" त्यानं पंप ५० वर नेला, तोही मध्यरात्री एका दमात. दादानं मला फोनही केला नाही. ऐन पावसाळा, त्याच रात्री लाईट गेली. स्किमर आणि वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) मेनवर, म्हणजे बंद. डोसिंग पंप मात्र वायफायच्या डब्याबरोबर इन्व्हर्टरवर, तो आपलं काम चोख करत राहिला. सकाळी वहिनीचा फोन आला. जाऊन बघते तर पाणी दुधाळ, पिवळा टँग मासा वाळूवर आडवा, दोन्ही क्लाऊन मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकतायत. बाटलीतली पातळी एक आख्खी रेघ ओलांडून खाली गेली होती. पंपाच्या स्क्रीनवर ५० लिहिलेलं होतं. दोन्ही मी दादाला दाखवलं. तरी पुढे घरातल्या मुंजीत आत्या चार बायकांत बोललीच, "हिनं सिरका घालायला लावला आणि मासे मेले."

मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात नोकरी करते. जिवाणूंना कार्बन खायला घातला की ते ऑक्सिजन ओढणार, हे आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर ट्रिप झाला की येणारा भार कमी करायचा. हवा बंद आणि खाणं चालू, असं कुणी ठेवत नाही. दादाच्या त्या रात्रीचा हिशोब असा. २६ अंशांच्या समुद्री पाण्यात ऑक्सिजन पुरेपूर मिसळला तरी लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३०० लिटरमध्ये जेमतेम २ ग्रॅम. ४ टक्क्यांच्या ५० मिली व्हिनेगरमध्ये २ ग्रॅम ॲसेटिक ॲसिड असतं, आणि ते पूर्ण जाळायला २.१ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. टँकमध्ये होता नव्हता तेवढा सगळा! त्यात रात्र, म्हणजे प्रकाशसंश्लेषण बंद, आणि मासे, कोरल, दगडातले जीव सगळे श्वास घेतायत. बाहेरून हवा मिसळणारा स्किमर तेवढा बंद. रोजच्या ५ मिलीला हाच हिशोब लावला तर ०.२ ग्रॅम येतो, ते टँकला जाणवतसुद्धा नाही. मग मासे कुणी मारले, माझ्या कागदानं की त्या पन्नासनं?

म्हणून तुम्हाला सांगते, डोसिंग पंपाचा प्लग इन्व्हर्टरवरून काढा आणि स्किमरच्याच बोर्डात लावा. लाईट गेली की दोन्ही एकदम बंद झाले पाहिजेत. इन्व्हर्टरवर काही ठेवायचंच असेल तर वेव्हमेकर ठेवा. डोस सकाळी, टँकचे दिवे लागल्यावर, थोडा थोडा, आणि सम्पमध्ये पाण्याला जोर असेल तिथे. व्हिनेगरनं पीएच उतरतो आणि रात्री तो तसाही खाली असतो, त्यामुळे रात्रीचा डोस दोन्हीकडून वाईट. बाजारातलं साधं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर चालतं, रंगाचं किंवा सफरचंदाचं नको. लेबलवर ४ टक्के आहे की ५ ते वाचून घ्या. व्होडका सुचवणारे भेटतील, तर ४० टक्क्यांची १ मिली व्होडका म्हणजे ५ टक्क्यांचं ८ मिली व्हिनेगर, एवढं लक्षात असू द्या. मेंटेनन्सवाल्याला पंपाला हात लावू देऊ नका. त्याला काच पुसू दे.

आणि हो, वरच्या हिशोबात सगळं व्हिनेगर जळून गेलं असं धरलंय. प्रत्यक्षात त्यातला बराच कार्बन जिवाणूंच्या शरीरात जातो, त्यामुळे ऑक्सिजन त्याहून कमी लागतो. दुकानदार हा मुद्दा काढेल. काढला तर रात्रीचा बाकी सगळ्या जिवांचा खप त्यात मिळवून बघायला सांगा. स्किमर टँकच्या मानानं लहान असेल तर या वाटेला जाऊच नका, पाणी बदला आणि खाणं कमी करा. वाळूवर लालसर सायनोचा (सायनोबॅक्टेरियाचा) थर धरला तर डोस अर्ध्यावर आणा.

४० नायट्रेटनं तुमचे लेदर आणि मश्रूम मरत नाहीत. फॉस्फेट दिसायला लागलं की दोन्ही आकडे आणि स्किमरचं मॉडेल कमेंटमध्ये टाका, मग किती मिली ते सांगते.