पायाला पोलिओ आहे, बाजूची चाकं लावलेल्या स्कूटरचं लायसन्स पुण्यात मिळेल का? शिकायचं कुठे?

मिळतं. मोटार वाहन कायद्यात यासाठी वेगळा वर्गच आहे. पूर्वी त्याला 'इनव्हॅलिड कॅरेज' (अपंगांची गाडी) म्हणत. 2019 च्या दुरुस्तीनंतर 'अडॅप्टेड व्हेईकल' (गरजेप्रमाणे बदल केलेली गाडी) झालं, बरंच झालं म्हणायचं. सारथी पोर्टलवर (लायसन्सची सरकारी वेबसाइट) लर्निंगचा अर्ज भरताना हाच वर्ग निवडा. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट 30 दिवसांनंतर. टेस्ट स्वतःच्या, बदल केलेल्या गाडीवरच द्यायची.

लोक अडकतात ते आरसी बुकात. चाकं गॅरेजवाला लावून देईल, पण त्या बदलाला आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी (कलम 52). ती नसेल तर विम्याच्या क्लेमलाही त्रास होऊ शकतो. म्हणून आधी संगम पुलाजवळच्या आरटीओत विचारा, मगच पैसे खर्च करा.

शिकण्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलवाल्याकडे अशी गाडी असेलच असं नाही. अशी स्कूटर चालवणाऱ्या कुणाला तरी गाठा. ही गाडी वळणावर कलत नाही, त्यामुळे वेग वळायच्या आधीच कमी करायचा. एक चाक खड्ड्यात गेलं की हँडल त्या बाजूला ओढतं. रुंदीचा अंदाज यायला वेळ लागतो, तोवर पेठांच्या गल्ल्यांत शिरू नका.