क्रोएट प्रतिनिधी लॅटिन का सोडत नव्हते?

प्रश्न : १८४८ मध्ये हंगेरीने व्हिएन्नाच्या हॅप्सबर्ग सत्तेविरुद्ध लढा दिला, तेव्हा त्याच राज्यातले क्रोएट सम्राटाच्या बाजूने लढले, असे वाचनात आले. सारा युरोप राष्ट्रवादाने भारलेला असताना असे का घडावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : क्रोएटही राष्ट्रवादीच होते आणि म्हणूनच ते मग्यारांच्या, म्हणजे हंगेरियनांच्या, विरोधात गेले. या वैराची सुरुवात भाषेच्या वादातून झाली होती.

हंगेरीच्या राज्यात कायदे आणि विधिसभेचे कामकाज शतकानुशतके लॅटिनमध्ये चाले. ती कोणाचीच मातृभाषा नसल्यामुळे कोणाला बोचतही नव्हती. १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने तिच्या जागी जर्मन आणण्याचा हुकूम काढला, तेव्हा मग्यार सरदारवर्ग खवळला आणि स्वभाषेचा अभिमान पेटला. १८२५ मध्ये प्रेसबर्ग येथे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, भरलेल्या विधिसभेत इश्तवान सेचेनी या तरुण सरदाराने मग्यार भाषेच्या अकादमीसाठी आपल्या जहागिरीचे एक वर्षाचे उत्पन्न देऊ केले. विशेष म्हणजे, याच सेचेनीची रोजनिशी बहुतांशी जर्मनमध्ये आहे. पुढे १८४४ च्या कायद्याने मग्यार ही राज्यभाषा झाली.

मात्र या राज्यातली निम्म्याहून अधिक प्रजा मग्यार नव्हती. तीत स्लोव्हाक, रुमेनियन, सर्ब, जर्मन आणि क्रोएट होते. क्रोएटांचे प्रतिनिधी प्रेसबर्गच्या सभेत १८४३ मध्येही हट्टाने लॅटिनमध्येच बोलायला उभे राहत आणि मग्यार सभासद आरडाओरडा करून त्यांना बोलू देत नसत. त्यांना लॅटिनचा पुळका होता असे नाही, कारण त्याच वर्षी झाग्रेबमध्ये त्यांच्या स्वतःच्या सभेत, साबोरमध्ये, इव्हान कुकुल्येविच यांनी क्रोएशियन भाषेत पहिले भाषण केले आणि १८४७ मध्ये साबोरने लॅटिन बाजूला सारून क्रोएशियन स्वीकारली. मग्यार आपल्यावर लादली जाऊ नये, एवढ्यासाठीच त्यांना प्रेसबर्गमध्ये लॅटिनची ढाल हवी होती.

१८४८ च्या एप्रिलमधील कायद्यांनी हंगेरीतली वेठबिगारी संपवली आणि जबाबदार मंत्रिमंडळ आणले, ही फार मोठी गोष्ट होती. पण त्याच कायद्यांनी प्रतिनिधीला मग्यार भाषा येणे सक्तीचे केले. ११ सप्टेंबरला क्रोएशियाचा बान, म्हणजे सुभेदार, योसिप येलाचिच सम्राटाच्या बाजूने क्रोएट फौज घेऊन सरहद्दीवरची द्राव्हा नदी ओलांडून हंगेरीत आला. अल्पसंख्य भाषिकांना हक्क देणारा ठराव हंगेरीच्या संसदेने सेगेद येथे केला तो २८ जुलै १८४९ रोजी, आणि १३ ऑगस्टला तर हंगेरियन सैन्याने सम्राटाच्या मदतीला आलेल्या रशियन फौजेपुढे शस्त्रे खाली ठेवली. सक्तीने मग्यार करण्याविरुद्ध सेचेनीने १८४२ मध्येच अकादमीत इशारा दिला होता; तो ऐकला असता तर निदान घरातली ही लढाई टळण्याची शक्यता होती, असे मला वाटते.

क्रोएटांच्याही पदरी काही पडले नाही. व्हिएन्नाची निरंकुश सत्ता त्यांच्यावरही आली आणि १८५० च्या दशकात झाग्रेबच्या सरकारी कचेऱ्यांत क्रोएशियन मागे पडून जर्मन आली.