जाहिरातीतली ‘पाच मिनिटे’

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या गिरगावातील चाळीत राहत आहोत. आता बोरिवली पूर्वेला द्रुतगती महामार्गाजवळ, बांधून तयार असलेल्या इमारतीत टू बीएचके घ्यावा, असा विचार आहे. जाहिरातीत ‘स्टेशन पाच मिनिटांवर, शेजारी नियोजित उद्यान’ असे म्हटले आहे. यजमानांची नोकरी चर्चगेटला आहे, सासूबाई 74 वर्षांच्या आहेत आणि मुलगी सातवीत आहे. सोयींची खात्री कशी करावी?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : चाळीचा जिना उतरला की वाणी, दूधवाला, डॉक्टर सारे समोर असतात, त्यामुळे सोय ही शोधायची गोष्ट आहे हे गिरगावकराला सहसा जाणवत नाही. म्हणूनच नमुना-फ्लॅटमधल्या फरशीपेक्षा फाटकाबाहेरच्या पहिल्या अर्ध्या किलोमीटरकडे तुम्ही अधिक लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

जाहिरातीतली पाच मिनिटे बहुधा रिकाम्या रस्त्यावरच्या मोटारीची असतात. यजमानांनी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी आठला इमारतीच्या फाटकातून निघून प्रत्यक्ष फलाटापर्यंत जावे; रिक्षा किती वेळाने मिळते, पुलावर किती गर्दी असते, हे सारे त्यात कळेल. बोरिवलीहून सुटणाऱ्या चर्चगेट लोकल आहेत, ही मोठीच जमेची बाजू आहे. महामार्गावरून जाणारी ‘मेट्रो 7’ ही मार्गिका जानेवारी 2023 पासून अंधेरी पूर्वेच्या गुंदवलीपर्यंत धावते. तिच्या स्थानकांवर लिफ्ट असल्याने सासूबाईंनाही ती सोयीची पडेल, पण फाटकापासून त्या लिफ्टपर्यंत सलग पदपथ आहे का, हे त्यांच्या चालीने चालून पाहावे. वाटेत उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पदपथावर लावलेल्या दुचाकी असतील, तर दोनशे मीटरही त्यांना जड जातील.

‘नियोजित’ या शब्दापाशी मात्र थांबावे. महापालिकेच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षण दाखवले आहे, याचा अर्थ तेथे उद्यान आहे असा होत नाही. भूखंड ताब्यात येऊन त्यावर झाडे लागेपर्यंत तुमची मुलगी कॉलेजात गेलेली असेल. आराखड्यातील आरक्षणाची माहिती महापालिकेकडून घ्यावी आणि मग त्या जागी स्वतः उभे राहून पाहावे. इमारतीच्या आतल्या सुविधांचे तसे नाही. बिल्डरने जाहिरातीत खोटी माहिती दिली आणि त्यावर विसंबून ग्राहकाचे नुकसान झाले, तर 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यानुसार भरपाई मागता येते. म्हणून ते पत्रक जपून ठेवावे. क्षेत्रफळही कार्पेटच, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारे, विचारावे. कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत.

एक फेरी भर पावसात मारावी. दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून उतरून याच भागातून वाहते आणि 26 जुलै 2005 रोजी तिचे पाणी वस्तीत शिरले होते. शेजारच्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर पाण्याची रेघ कुठवर आली होती, हे तिथल्या रहिवाशांना विचारावे. हातानेच उंची दाखवतील. नळाला पाणी किती वाजता येते आणि टँकर मागवावा लागतो का, हेही त्यांनाच विचारावे, विक्री कार्यालयात नव्हे.

शाळा आणि दवाखाना यांची चौकशी तुम्ही कराल याची मला खात्री आहे. रात्री उघडे असणारे औषधाचे दुकान तेवढे विसरू नये. इमारत तयार आहे असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा भोगवटा प्रमाणपत्राची (ओसी), म्हणजे इमारतीत राहायला जाण्याच्या महापालिकेच्या परवानगीची, प्रत मागावी. ती ‘लवकरच येईल’ असे उत्तर मिळाले, तर टोकनचा धनादेश पर्समध्येच राहू द्यावा.