शटर नको, पाटी लावा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो: तुम्ही तिघं पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रोजेक्ट म्हणून फोनपासून सुट्टी देणारं ॲप करताय. नाव '१ ते ४'. दुपारी एक ते चार निवडलेली ॲप्स कुलूपबंद, उघडायला गेलं की पुणेरी टोमणा, आणि सलग किती दिवस पाळलं त्याचा आकडा. कुलूप कसं घालायचं आणि लोक ॲप काढून टाकू नयेत म्हणून काय करायचं, असं विचारलंय.

नाव झकास आहे. पण त्या नावात जी खरी गंमत आहे ती तुमच्या आराखड्यात उतरलेली नाही.

२०२१ मध्ये एका मित्राबरोबर मी असंच ॲप केलं होतं. कुलूप इतकं पक्कं की आम्हालाच त्याचा अभिमान. वेळ संपेपर्यंत फोन आला तर घ्यायचा, बाकी सगळं बंद. ओळखीच्या दहा-पंधरा जणांना दिलं, आईच्या फोनवरही टाकलं. तिसऱ्या दिवशी गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात. त्याला कोड सांगायचा होता आणि कोडचा मेसेज आमच्या कुलपामागे. तो जिन्यात ताटकळतोय, आई फोनवर बोटं आपटतेय. शेवटी तो सिलिंडर घेऊन परत गेला. संध्याकाळी आई म्हणाली, "मला फोनपासून सुट्टी हवी होती रे, गॅसपासून नाही." दुसरा एक जण मंडईत भाजी पिशवीत भरून घेतल्यावर यूपीआय उघडेना म्हणून अडकला. ही दुखणी आम्ही दुरुस्त केली. पण ऑफिसातल्या एका बाईंनी ॲप घेतलं आणि एकदाही चालू केलं नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मुलीच्या स्कूलबसचा मेसेज आला तर?" ते ऐकून आम्ही मान डोलावली आणि पुढच्या व्हर्जनमध्ये कुलूप आणखी पक्कं केलं! आज हसू येतं.

फोन हातातून सुटत नाही तो फक्त रीलच्या मोहाने नव्हे. पुष्कळ माणसं पहाऱ्यावर बसल्यासारखी असतात: कोणी शोधत असेल, काही चुकेल. मग बघितलंच आहे तर बोट आपोआप रीलकडे जातं. कुलूप मोहावर चालतं, पहाऱ्यावर नाही.

आता पेठेतलं दुकान बघा. एक ते चार बंद ठेवायला शटर लागतं हे खरं, पण दुकानदाराला झोप लागते ती पाटीमुळे. येणाऱ्याला आधीच माहीत असतं, म्हणून कोणी शटर वाजवत नाही. गावाला ही वेळ इतकी पाठ होती की २०१७ मध्ये चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तर त्याची बातमी झाली. पाटी गिऱ्हाइकासाठी असते. तुमच्या ॲपमध्ये टोमणे आहेत ते मात्र फोनच्या मालकालाच.

याहून मोठं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा चालू. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन समजावत होत्या. त्यात कुलूप कुठेच नाही. सगळ्यांची वेळ एक असल्यामुळे त्या दीड तासात आपल्याला कोण शोधणार, हा प्रश्नच निकाली निघतो. पुण्यातल्या चारशे फ्लॅटच्या सोसायटीत भोंगा वाजवलात तर पोलीस येतील, पण पाच जणांच्या घरात किंवा मेसच्या टेबलावर हेच करता येतं.

म्हणून माझं मत: शटर हलकं ठेवा, जोर पाटीवर लावा.

हलकं शटर म्हणजे काय, यावर अभ्यास झालेला आहे. 'वन सेक' नावाचं ॲप निवडलेलं ॲप उघडताना क्षणभर थांबवतं आणि जायचंय का विचारतं. त्यावरचा शोधनिबंध २०२३ मध्ये पीएनएएस या विज्ञान नियतकालिकात आला. २८० जणांनी सहा आठवडे ते वापरलं. उघडायला गेल्यावर ३६ टक्के वेळा लोक तिथूनच परतले, आणि सहा आठवड्यांनी उघडायला जाण्याचं प्रमाणच ३७ टक्क्यांनी घटलं होतं. पुढे संशोधकांनी कोणता भाग कामाचा हे वेगवेगळं तपासलं. सर्वांत जास्त फरक पडला तो 'राहू दे, परत जातो' या साध्या पर्यायाने, शिवाय थांबवण्यानेही. विचार करायला लावणाऱ्या मजकुराचा परिणाम दिसला नाही. तेव्हा टोमणे लिहिण्यात रात्री घालवू नका. आमच्या ॲपमध्येही चार खमंग वाक्यं होती. लोकांनी त्यांचे स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. म्हणजे आमच्यामुळे फोनचा वापर वाढला.

तांत्रिक बाजू. अँड्रॉइडवर कोणतं ॲप किती वेळ उघडं होतं हे यूसेजस्टॅट्स मॅनेजर या तिथल्याच सोयीकडून कळतं, ती २०१४ च्या लॉलिपॉप आवृत्तीपासून आहे; परवानगी मात्र वापरणाऱ्याला सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः द्यावी लागते. ॲप उघडताक्षणी आडवं यायचं तर बहुतेक जण ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिस (मुळात अपंगांच्या मदतीसाठीची, पडद्यावर काय उघडलंय ते कळणारी सोय) वापरतात. प्ले स्टोअरला त्याचं कारण जाहीर करून द्यावं लागतं, त्यासाठी वेळ धरून ठेवा. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी सर्व्हिस बंद करतात, म्हणून फक्त स्वतःच्या फोनवर तपासून खूश होऊ नका. आयफोनसाठी ॲप्स अडवायची फॅमिली कंट्रोल्स ही ॲपलचीच सोय आहे, आयओएस १६ पासून स्वतःपुरतंही वापरता येतं, पण ॲपलकडून वेगळी मंजुरी लागते. तिथे वापरणाऱ्याने कोणती ॲप्स निवडली हे तुम्हाला नावानिशी कळतच नाही, हातात फक्त टोकन, म्हणजे नाव न सांगणारी खूण येते. मला तर हे आवडतं. प्रोजेक्टच्या मुदतीत दोन्ही होणार नाही, अँड्रॉइड घ्या.

पाटीचं काम त्याहून सोपं आहे. ॲपला डू नॉट डिस्टर्बची (फोन गप्प ठेवणाऱ्या सोयीची) परवानगी मागा आणि सुट्टीपुरता स्वतःचा नियम करा: तारांकित (फोनमध्ये स्टार दिलेले) नंबर आत येऊ द्यायचे आणि पुन्हा कॉल करणाऱ्यालाही. तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर अँड्रॉइड तो वाजू देतं, ही सोय फोनमध्ये आहेच. लोकांना ती माहीत नसते इतकंच. मग सुट्टी सुरू करताना एक मजकूर तयार करून द्या: "४ वाजेपर्यंत फोन बघणार नाही. तातडीचं असेल तर दोनदा कॉल करा." तो घरच्या ग्रुपवर टाकायचा की नाही, ते वापरणारा ठरवेल. आपोआप एसएमएस पाठवण्याच्या भानगडीत पडू नका, ती परवानगी प्ले स्टोअर फार मोजक्या ॲप्सना देतं. शेअरचं बटण पुरतं. आणि यूपीआय, मेसेज, नकाशा, रिक्षा ही ॲप्स अडवायच्या यादीत येऊच देऊ नका. (गॅसवाल्याला माझा नमस्कार.)

सलग दिवसांचा आकडा काढून टाका. तो मोडला की माणूस ॲपसकट जातो, आणि टिकला तर आकडा बघायला फोन उघडतो. जाहिरातीही नकोत, कारण सांगायला नको.

वेळही एक ते चारच कशाला? तुमच्या वयाच्या कोणाचीही दुपार रिकामी नसते. लोकांची आधीच ठरलेली सुट्टी शोधा. सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला येणाऱ्या कित्येकांचा फोन खिशातच असतो. तिथे ॲपने फक्त तासभराची पाटी लावायची.

आणि पहिला आठवडा कोड लिहूच नका. तुमच्या मेसमध्ये जेवायच्या वेळी एका टेबलावर खरोखरीची पुठ्ठ्याची पाटी ठेवा, फोन ताटापलीकडे पालथे ठेवायला सांगा, आणि कोण कशासाठी फोन उचलतंय ते वहीत लिहा. रील, आई, मैत्रीण, पैसे, बॉसचा मेसेज, काय असेल ते. ती वही इथे टाका, मग कोणती स्क्रीन आधी करायची ते बोलू. डू नॉट डिस्टर्बच्या नियमात अडलात तर तेही विचारा, त्यातले खड्डे मला पाठ आहेत.